कोयनेल कोणी कोणाला दिले?

दरवर्षी २० ऑगस्ट उजाडला, की एक गोष्ट समाजमाध्यमांवर हमखास फिरू लागते. १८९७ साली याच दिवशी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाच्या परजीवीचा माग लागला, म्हणून हा दिवस डासदिन. रॉस यांच्या स्मरणाला कोणाचीच हरकत नसावी. हरकत आहे ती त्या स्मरणाला जोडल्या जाणाऱ्या शेपटाला.

ते शेपूट साधारण असे असते. पेरूच्या व्हाइसरॉयची पत्नी, म्हणजे चिंचोनची काउंटेस, तापाने फणफणली. एका झाडाच्या सालीने बरी झाली. तिच्यावरून त्या झाडाला सिंकोना नाव पडले. पुढे क्लेमेंट्स मार्कम या धाडसी इंग्रजाने ते झाड अँडीज पर्वतातून निलगिरीत आणले. आणि मग दयाळू इंग्रज सरकारने हिंदुस्थानच्या गोरगरीब रयतेला कोयनेल देऊन लक्षावधी जीव वाचवले.

यातला पहिला भाग खोटा आहे, दुसरा अर्धवट आहे, आणि तिसरा ज्यांच्या नावाने सांगितला जातो त्यांच्यावरच अन्याय करणारा आहे. हा धागा त्या तिन्हींविषयी.

सुरुवात काउंटेसपासून. ही कथा पहिल्यांदा नीट मांडली ती जिनोआच्या सेबास्तियानो बादो या वैद्याने, १६६३ साली. घटना घडल्याचे सांगितले जाते त्यानंतर तीसएक वर्षांनी, घटनास्थळापासून एक महासागर दूर बसून, आणि तीही एका व्यापाऱ्याच्या पत्राच्या भरवशावर. लिनियसने १७४२ मध्ये या वृक्षवंशाला 'सिंकोना' असे नाव दिले आणि देताना काउंटेसच्या नावातला एक 'ह' गाळला. कथेवर शास्त्राचा शिक्का बसला.

१९४१ मध्ये हॅगिस नावाच्या अभ्यासकाने काउंटच्या लिमा येथील कारकिर्दीची दैनंदिन नोंदवही काढून तपासली. तीत काउंटला वारंवार ताप आल्याच्या नोंदी आहेत. त्याच्यावर त्या काळच्या रिवाजाप्रमाणे रक्तस्रावाचे उपचार झाले. काउंटेस मात्र बहुतेक काळ ठणठणीत होती. सालीचा उल्लेखच नाही. काउंटची पहिली पत्नी आना दे ओसोरियो तर तो पेरूला जाण्याच्या आधीच, १६२५ मध्ये, स्पेनमध्ये वारली होती. पेरूला गेली ती दुसरी पत्नी, फ्रान्सिस्का. आणि स्पेनला परतून तिने गरिबांना साल वाटली म्हणावे, तर ती परतीच्या वाटेवर कार्ताहेना बंदरात १६४१ मध्ये मरण पावली. स्पेनला पोहोचलीच नाही.

मग साल युरोपला कोणी नेली? जेझुइट पाद्र्यांनी, म्हणून तर तिला बराच काळ 'जेझुइटांची साल' म्हणत आणि प्रॉटेस्टंट मंडळी तिच्याकडे संशयाने पाहत. पाद्र्यांना ती कोणी दाखवली? आजच्या इक्वादोरमधील लोखा या भागातल्या डोंगराळ लोकांनी. त्यांच्यापैकी एकाचेही नाव बादोच्या ग्रंथात नाही. झाड त्यांचे, परीक्षा त्यांची, आणि नाव एका अशा बाईचे जिने ते झाड पाहिल्याचाही पुरावा नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण उलट बाजूचे उत्साही लोकही काही कमी नाहीत. 'इंका लोक हजारो वर्षे सिंकोनाने हिवताप बरा करत होते' हे विधानही टिकणारे नाही. हिवताप हा अमेरिका खंडातला मूळचा रोग असल्याचा पुरावा नाही. तो युरोपीय वसाहतकऱ्यांबरोबर आणि आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांबरोबर तिकडे पोहोचला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा अँडीजमधल्या लोकांनी जे केले ते अधिक मोलाचे होते. परक्यांनी आणलेल्या नव्या रोगावर त्यांनी आपल्या ओळखीच्या झाडातून उतारा काढून दिला. रोग देणारे आणि औषध देणारे कोण होते, याचा हिशेब लिमाच्या राजवाड्यातील कथेत कुठेच बसत नाही.

१८२० मध्ये पॅरिसच्या पेल्तिये आणि काव्हांतू यांनी सालीतून क्विनीन वेगळे काढले. मराठी तोंडात त्याचे 'कोयनेल' झाले. येथून साल हा केवळ काढ्याचा विषय राहिला नाही. गोऱ्या माणसाला उष्ण कटिबंधात जिवंत ठेवणारी ती रसद झाली. सैन्याला दारूगोळा लागतो तशी. १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानात गोऱ्या पलटणी वाढवल्या गेल्या आणि लढाईपेक्षा रोगांनीच त्यांचे सैनिक अधिक मरत होते. इंडिया ऑफिसने मार्कमला १८५९ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या मोहिमेवर नेमले ते या पार्श्वभूमीवर. पुढे पुस्तकांतून रयतेच्या कल्याणाची भाषा आली. ती मार्कमपुरती मनापासूनची असेलही. पण सरकारच्या तिजोरीला घाई झाली होती ती पलटणींच्या औषधखर्चाची.

मार्कमच्या शौर्यकथेत सहसा गाळला जाणारा तपशील असा, की त्याने स्वतः पेरूच्या जंगलातून, स्थानिक अधिकाऱ्यांचा विरोध चुकवत काढलेली रोपे जवळजवळ सगळी मेली. काचपेट्यांतून लांबचा प्रवास, त्यात लाल समुद्रातली काहिली. निलगिरीत जे झाड रुजले ते लाल सालीचे, आणि ते आले इक्वादोरहून. ते जमवले रिचर्ड स्प्रूस या वनस्पतिशास्त्रज्ञाने. दुखण्याने जर्जर झालेल्या अवस्थेत, जंगलमालकांशी पैशाचा करार करून आणि स्थानिक माणसांच्या मदतीने, त्याने १८६० मध्ये सुमारे एक लाख बिया गोळा केल्या. रोपे घेऊन रॉबर्ट क्रॉस नावाचा माळी हिंदुस्थानात पोहोचला. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणे म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर या मोहिमेच्या श्रेयनामावलीकडे पाहावे.

परंतु लाल सालीच्या झाडात एक उणीव होती. साल भरपूर, तापावर गुणही उत्तम. पण तीत शुद्ध क्विनीनचा अंश थोडा. अधिक क्विनीन देणारे झाड बोलिव्हियाच्या अंतर्भागात होते. त्याची कथा डासदिनाच्या संदेशात कधीच येत नाही.

मान्वेल इंक्रा मामानी हा बोलिव्हियातील आयमारा माणूस. साल काढणे हा त्याचा धंदा. कोणते झाड कसदार आणि कोणते नुसते दिसायला सारखे, हे तो पानावरून आणि सालीवरून ओळखत असे. चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याकडे तो नोकरीला होता. लेजरने त्याला उत्तम झाडांचे बियाणे आणायला सांगितले. बोलिव्हियात बियाणे बाहेर नेण्यास बंदी होती. मामानी गेला आणि वर्षानुवर्षे परतला नाही. कारण साधे होते: बी पिकण्याच्या वेळी गोठवणारी थंडी पडे आणि बी वाया जाई. एक वर्ष गेले, दुसरे गेले, तिसरे गेले. हलके बी उचलून धन्याच्या माथी मारणे सोपे होते. लेजरला फरक कळला नसता. मामानी थांबला. चौथ्या वर्षी बी साधले. शेकडो मैल डोंगर तुडवत १८६५ मध्ये तो ते घेऊन टाक्ना गावी लेजरकडे पोहोचला.

लेजरने बी लंडनला पाठवले. इंग्रज सरकारने घेतले नाही. निलगिरीतल्या लागवडीवर एवढा खर्च झाल्यावर आणखी कोणाचे बी कशाला, अशी ती वृत्ती. डचांनी साधारण एक पौंड बी किरकोळ किमतीला उचलले आणि जावा बेटावर पेरले. काही वर्षांनी सालीची तपासणी झाली तेव्हा रसायनज्ञ थक्क झाले. काही झाडांच्या सालीत दहा टक्क्यांहूनही अधिक क्विनीन निघाले. पुढच्या पाऊण शतकात जगाच्या क्विनीनचा नव्वद टक्क्यांहून अधिक पुरवठा जावाच्या हातात गेला, तो या एका पोतडीतून.

मामानीचे काय झाले? तो पुन्हा बियाणे आणायला गेला. १८७१ मध्ये कोरोइको येथे त्याला पकडले. बी कोणासाठी आहे, हे विचारत मारहाण केली. त्याने नाव सांगितले नाही. काही आठवड्यांनी सुटला आणि त्या मारहाणीने थोड्याच दिवसांत मेला. ज्याचे नाव त्याने जिवावर उदार होऊन लपवले, त्या लेजरचे नाव झाडाला मिळाले: सिंकोना लेजरियाना. लेजरचेही वैभव झाले नाही. त्याला डच सरकारने म्हातारपणी, १८९७ मध्ये, छोटेसे निवृत्तिवेतन दिले. पण नाव राहिले. मामानी इतिहासात उरला तो 'लेजरचा नोकर' म्हणून.

मामानीला हुतात्मा करून टाकण्यातही एक गफलत आहे, तीही सांगून टाकावी. बोलिव्हियाच्या दृष्टीने तो देशाचे धन परक्याला विकणारा होता. त्याला मारणारे शिपाई आपल्या देशाचा कायदा पाळत होते, भले क्रूरपणे असो. हा पेच खरा आहे. मात्र हा पेच उभा राहिला तो साम्राज्यांच्या खरेदीमुळे, आणि त्यात जीव गेला तो तिघांपैकी सर्वांत गरिबाचा.

आणि याच सुमारास मार्कम काय करत होते? १८७४ मध्ये त्यांनी एक पुस्तक काढले. विषय: काउंटेस आना दे ओसोरियो यांचे चरित्र, आणि झाडाच्या नावात लिनियसने गाळलेला 'ह' परत घालावा अशी विनंती. म्हणजे ज्या बाईचा झाडाशी संबंध जोडायचा ती काउंट पेरूला जाण्याच्या सुमारे तीन वर्षे आधी मेलेली. तिच्या नावातल्या एका अक्षराला न्याय मिळावा म्हणून ग्रंथ. मामानीला मरून तेव्हा पुरती चार वर्षेही झाली नव्हती.

आता तिसरा भाग: रयतेला मिळालेले कोयनेल.

निलगिरीत दोड्डबेट्टा आणि नडुवट्टम येथे सरकारी मळे उभे राहिले. नडुवट्टमच्या मळ्यावर राबायला कैदी आणले; त्यांत मलायाच्या सामुद्रधुनी वसाहतींतून मद्रास इलाख्यात पाठवलेले चिनी कैदीही होते. (पर्यटकांना हे 'अफू युद्धातले युद्धकैदी' म्हणून सांगितले जातात; ते तसे नव्हते.) आपल्याकडे महाबळेश्वरजवळ लिंगमळ्यालाही सरकारने सिंकोना लावून पाहिला. तेथला कोसळता पाऊस झाडाला मानवला नाही आणि प्रयोग फसला. धबधबा पाहायला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते.

खरी कसोटी लागवडीची नव्हती, वाटपाची होती. आणि येथे सरकारच्याच हाती एक असे उत्तर आले होते, की ते वापरले असते तर आजचे स्तुतिपाठक काही प्रमाणात खरे ठरले असते.

सिंकोनाच्या सालीत केवळ क्विनीन नसते. क्विनिडीन, सिंकोनीन, सिंकोनिडीन अशी आणखी अल्कलॉइडेही असतात. लाल सालीत ती भरपूर. १८६६ साली नेमलेल्या वैद्यकीय समित्यांनी ही चारही द्रव्ये हिंदी रुग्णालयांत हजारो तापकऱ्यांना देऊन तपासली. मद्रासच्या समितीचा निष्कर्ष स्वच्छ होता: चारही गुणकारी, आणि चौघांतल्या सर्वांत दुबळ्या द्रव्यानेही ९७ टक्क्यांहून अधिक रोगी बरे झाले. म्हणजे महाग, पांढरेशुभ्र क्विनीन वेगळे काढत बसण्याची गरजच नव्हती. सालीतली सारी द्रव्ये एकत्र काढून स्वस्त चूर्ण करावे, आणि ते खेडोपाडी न्यावे.

तसे चूर्ण निघालेही. दार्जिलिंगजवळ मुंगपूच्या सरकारी मळ्यात १८७० च्या दशकात 'सिंकोना फेब्रिफ्यूज' तयार होऊ लागले. त्याने काहींना मळमळ होई, रंगही मळकट; पण ताप उतरे आणि खर्च थोडा. मग झाले काय? बाजाराची प्रतिष्ठा पांढऱ्या क्विनीनला होती. साहेबाच्या औषधपेटीत जे, ते खरे औषध. रयतेच्या पुडीत जे, ते दुय्यम. डॉक्टरांना क्विनीन हवे होते, व्यापाऱ्यांना तेच विकायचे होते, सरकारी मळेही हळूहळू तिकडेच वळले. क्विनीनच्या शर्यतीत जावाची लेजरियाना जिंकणार हे ठरलेलेच होते. हिंदुस्थान आपल्या अंगणात झाड असताना परदेशी क्विनीनचे गिऱ्हाईक होऊन बसला.

'पण टपाल कचेरीत पैशाला पुडी मिळत होती की!' हा आक्षेप नेहमी येतो. मिळत होती. १८९२ पासून बंगालमध्ये, आणि पुढे इतर प्रांतांतही, टपाल कचेऱ्यांतून क्विनीनची पुडी एका पैशाला विकली जाई. कल्पना चांगली होती आणि ती राबवणाऱ्या अधिकाऱ्यांचे श्रेय त्यांना द्यावे. परंतु एका पुडीने हिवताप जात नाही. दिवसाला अनेक मात्रा, त्याही सलग कित्येक दिवस, आणि घरात तापकरी एकटा नसतो. ज्याची मजुरी दिवसाला काही आणे, त्याने पाच जणांच्या घरासाठी किती पुड्या घ्यायच्या? त्यातही टपाल कचेरी किती कोस दूर? अर्धवट औषध घेतलेला माणूस आठ दिवस उभा राही आणि पुन्हा हुडहुडी भरून पडे. औषध विकले गेले हे हिशेबाच्या वहीत दिसते. रोग गेला का, हे त्या वहीत दिसत नाही.

शिवाय हिवताप वाढला कशाने, हा प्रश्न पुडीबरोबर कोणी विचारत नसे. रेल्वेच्या आणि कालव्यांच्या भरावांनी नैसर्गिक निचरा तुंबला, खड्ड्यांत पाणी साठले, बंगालचे जिल्हेच्या जिल्हे तापाने पोखरले गेले. हे त्या काळच्या हिंदी वृत्तपत्रांनीही मांडले आणि काही इंग्रज डॉक्टरांनीही. एका हाताने डबके करायचे आणि दुसऱ्या हाताने पैशाची पुडी विकायची, याला औदार्य म्हणणे हा भाषेचा गैरवापर आहे.

या साऱ्याचा निकाल लागला तो १९४२ मध्ये. मार्चमध्ये जपानने जावा घेतले. क्विनीनच्या व्यापाराची सूत्रे हलवणारे अॅमस्टरडॅम त्याच्या आधीच, १९४० मध्ये, जर्मनांच्या ताब्यात गेले होते. निलगिरीत पहिली रोपे लावून ऐंशी वर्षे झाली होती आणि तरीही हिंदुस्थान आपल्या गरजेपुरते कोयनेल काढू शकत नव्हता. सैन्यासाठी मेपाक्रिन या कृत्रिम औषधाची व्यवस्था झाली. रयतेसाठी?

१९४३ चा बंगालचा दुष्काळ उपासमारीचा म्हणून आठवला जातो, आणि ते बरोबरच आहे. पण उपाशी शरीरांना साथींनी गाठले, आणि त्या साथींत हिवतापाचा वाटा फार मोठा होता. चौकशी आयोगाने मृत्यू सुमारे १५ लाख धरले. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत आणि त्याच्याही पुढे जातात. त्या दिवसांत कोयनेल काळ्या बाजारात गेले, त्यात भेसळ झाली. मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणाऱ्या त्या व्यापाऱ्यांत आपलेही लोक होते, हे लपवण्याचे कारण नाही. पण औषधाची टंचाई त्यांनी निर्माण केली नव्हती; ती ऐंशी वर्षांच्या धोरणातून आली होती. 'लक्षावधी जीव वाचवले' असे लिहिणाऱ्याने या वर्षाचा उल्लेख तरी करावा.

आता साम्राज्याचे गोडवे खोडून काढताना काही मंडळी ज्या दुसऱ्या खड्ड्यात पडतात, त्याकडे. 'आमच्याकडे सातवीण होतीच, सिंकोनाची गरज नव्हती.' सातवीण, म्हणजे सप्तपर्ण, हिची साल विषमज्वरावर आयुर्वेदात सांगितली आहे, कोकणात ती आजही उकळली जाते, हे खरे. एकोणिसाव्या शतकात युरोपीय औषधशास्त्रज्ञांनाही तिच्याकडून मोठी आशा वाटली होती. परंतु हिवतापाच्या परजीवीवर तपासले तेव्हा तिच्यात कोयनेलसारखी शक्ती आढळली नाही. तिचे गुण वेगळे असतील. तिच्या मऊ लाकडाच्या पाट्यांवर पोरे अक्षरे गिरवत, म्हणून तर तिच्या शास्त्रीय नावात 'विद्यार्थ्यांची' असा शब्द आहे. तिला कोयनेलची बहीण ठरवण्यासाठी अभिमान पुरेसा नाही. लोखाच्या डोंगरातल्या लोकांचे श्रेय स्पेनच्या काउंटेसने घेतले म्हणून चिडायचे, आणि मग तेच श्रेय आपल्या सातविणीकडे वळवायचे, हे कसले न्यायप्रेम?

पेरूने स्वातंत्र्यानंतर, १८२५ मध्ये, आपल्या राजचिन्हात सिंकोनाचे झाड घेतले. ते आजही तेथे आहे. नडुवट्टमच्या तुरुंगाच्या भिंती आजही उभ्या आहेत. मुंगपूला प्रवासी जातात ते रवींद्रनाथांचा मुक्काम पाहायला. ज्या घरात ते राहिले ते सिंकोना मळ्याच्या अधिकाऱ्याचे होते, हे तेथे गेल्यावर कळते.

आणि झाडाचे नाव? लेजरियाना ही वेगळी जात नाही, असे आता वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. नव्या वर्गीकरणात ती 'सिंकोना कालिसाया' या जातीतच मोडते. लेजरचे नाव त्यामुळे मागे पडले. 'कालिसाया' हा शब्द मात्र साल काढणाऱ्यांच्या तोंडचा आहे; मामानी त्या झाडाला याच नावाने ओळखत असणार.